गटारीचा रेट सेटरमध्ये शिजतो: अंडी कधी लागली, पिल्लं कधी टाकायची (खान्देश)

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. उन्हाळा सरत आला की या पोल्ट्रीच्या विभागात एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "आज रेट बरा आहे, शेडमध्ये पिल्लं टाकू का?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं धागाच काढावा. मी शिरपूरकडचा. कंपनीच्या करारात नाही. पिल्लू, खाद्य, औषध सगळं पदरमोड करून ब्रॉयलर, म्हणजे मांसाचे पक्षी तयार करतो, त्यामुळे बाजार पडला की माझंच दिवाळं निघतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आजच्या रेटवर आज पिल्लं टाकणं म्हणजे निव्वळ जुगार. आज टाकलेलं पिल्लू 38-40 दिवसांनी काट्यावर चढणार. ते ज्या अंड्यातून निघालं ते त्याच्याही 21 दिवस आधी मशीनला लागलं होतं. अंडं सेटरमध्ये (उबवायच्या मशीनमध्ये) गेल्यापासून पक्षी गाडीत भरेपर्यंत साठ दिवस जातात. आज व्यापारी जो भाव सांगतोय त्यातली मागणी आजची, पण बाजारात पक्षी किती येणार हे दोन महिन्यांपूर्वीच ठरून गेलंय. रेट चढला की सगळे एकदम टाकतात, मग सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात निघतो आणि व्यापारी शेडच्या दारात उभा राहून भाव पाडतो. दरवर्षी हेच.

आता यंदाचं पंचांग काढा. अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणून पुढचं सगळं लांबलं. 2025 मध्ये गटारी 24 जुलैला होती, 2026 मध्ये ती 12 ऑगस्टला, बुधवारी. श्रावण 13 ऑगस्ट ते 11 सप्टेंबर, 14 ला गणपती, 11 ऑक्टोबरला घट बसणार, 20 ला दसरा. म्हणजे गटारीनंतर जवळजवळ दोन महिने गिऱ्हाईक थंडच.

उलटं मोजा. गटारीचा माल दोन दिवस आधी उचलला जातो, म्हणजे 10 ऑगस्ट. चाळीस दिवस मागे 1 जुलै, ही पिल्लं टाकायची तारीख. आणखी 21 दिवस मागे 10 जून, त्या दिवशी अंडी मशीनला लागलेली पाहिजेत. आणि ती अंडी कोंबडीने 3 ते 9 जूनच्या दरम्यान दिलेली असणार, म्हणजे ऐन उकाड्यातली. ज्यांनी 10 जुलैला टाकली त्यांचा पक्षी गटारीला 33 दिवसांचा, दीड-पावणेदोन किलोचा. तो कमी वजनात विका, नाही तर श्रावणात सांभाळत बसा. फिनिशर (शेवटच्या टप्प्यातल्या) खाद्याचं पोतं श्रावण बघत नाही.

हॅचरीतलं (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांतलं) कुणी आहे का इथे? तुमच्या बाजूनेही लिहा.

सेटर_अठरा

आहे की. तुमची तारखांची गणितं बरोबर आहेत, पण "10 जूनला अंडी लागली पाहिजेत" हे वाटतं तितकं हॅचरीच्या हातात नसतं. नळ सोडला आणि पाणी आलं, असं अंड्यांचं नाही. ब्रॉयलरचं अंडं देणारी पेरेंट कोंबडी पिल्लू म्हणून आली की पहिलं अंडं द्यायला 24-25 आठवडे घेते. पुढे साठ-पासष्ट आठवड्यांची होईपर्यंत देते. जूनमध्ये किती अंडी हाताशी असतील हे कुणीतरी गेल्या वर्षीच पेरेंट टाकताना ठरवलंय.

आठवड्याच्या आठवड्याला हॅचरीला करता येण्यासारखं फार थोडं. अंडी कोल्डरूममध्ये 16 ते 18 अंशांवर ठेवून लावणी पुढे ढकलता येते, पण सात दिवसांपर्यंतच. त्यापुढे प्रत्येक दिवसाला उबवण (शंभर अंड्यांमागे निघणारी पिल्लं) अर्धा ते एक टक्का घसरते आणि पिल्लू बाहेर यायलाही दिवसाला तासभर उशीर होतो. दुसरा मार्ग म्हणजे पिल्लाचा भाव फारच पडला तर अंडी खाण्यासाठी बाजारात सोडून देणे. लालसर, मोठी अंडी स्वस्तात दिसली की समजायचं. तिसरा मार्ग फार वाईट, तो लिहीत नाही.

आता मशीनचं थोडं. सेटरमध्ये 37.5 अंशांच्या आसपास, दर तासाला ट्रे 45 अंशांत कलतो, आधी या अंगाला मग त्या अंगाला. खुडूक कोंबडी चोचीने अंडं फिरवते तेच काम. अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं फुटायच्या मशीनमध्ये उतरवतो. तोपर्यंत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटलेलं हवं. कमी घटलं तर पिल्लू पोटाला सुजलेलं निघतं, जास्त घटलं तर वाळकं. उतरवताना खालून उजेड दाखवतो: जिवंत अंडं सगळं काळंभोर आणि बोथट टोकाला हवेची जागा तेवढी उजळ, तिची कड सरळ रेघ नव्हे, जरा वाकडी. उजेड आरपार गेला की ते रिकामं. हाताला नुसत्या स्पर्शाने कळतं, जिवंत अंडं कोमट लागतं, मेलेलं गार.

एकविसाव्या दिवशी पिल्लं कधी काढायची यावरच पुढचे चाळीस दिवस अवलंबून. शंभरातल्या पाचेक पिल्लांच्या मानेमागची लव अजून ओलसर असते, तेव्हा दार उघडायचं. सगळी कोरडी व्हायची वाट बघितली तर जी आधी फुटलीत ती आतच सुकायला लागतात. ती तुमच्या शेडवर आली की पायाच्या कातडीवरून ओळखू येतात, नळी सुरकुतलेली.

अनुस्वार

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझा पोल्ट्रीशी संबंध रविवारच्या रश्श्यापुरता (मूळ गाव चाळीसगाव, आता पुण्यात). एक बाळबोध शंका: हॅचरीत किती अंडी लागली हे जर रोज लिहिलं जात असेलच, तर तो आकडा सगळ्यांना कळवत का नाहीत? दोन महिने आधी कळलं तर कुणीच फसणार नाही.

तापीकाठ

शंका बाळबोध नाही, धाग्याचा जीवच तो आहे. अमेरिकेत हे होतं. तिथलं कृषी खातं दर बुधवारी 19 राज्यांचा हिशेब छापतं: या आठवड्यात किती अंडी मशीनला लागली आणि किती पिल्लं शेडवर टाकली. आठवड्याला 24 कोटींहून जास्त अंडी आणि 18-19 कोटी पिल्लं, उबवण शेकडा 79 च्या आसपास. मागच्या वर्षीचा तोच आठवडा शेजारी ठेवलेला असतो. कोणीही बघावं आणि पुढच्या दोन महिन्यांत माल किती येणार याचा अंदाज बांधावा.

आपल्याकडे काय, तर रात्री व्हॉट्सॲपवर उद्याचा रेट येतो. आजच्या मालाचा भाव सगळ्यांना माहीत, पण साठ दिवसांनी किती माल येणार ते शेडवाल्याला कुणी सांगत नाही. ज्यांच्या स्वतःच्या हॅचऱ्या आहेत त्यांना आपल्यापुरतं तरी कळतं. आपल्याला कुठून कळणार? पिल्लाच्या भावावरून. पिल्लू महागलं म्हणजे टाकणारे वाढले. एवढीच आपली दुर्बीण.

खान्देशी_भो

भाऊ, तुम्हनं बठ्ठं बरोबर शे. पन आम्हना गावमा रेट वाढना की शेजारना शेड भरस, मंग त्याना शेजारना भरस. पंचांग कोन देखस? 😀

बाकी एक विचारतो. अधिक महिन्याचा धंद्यावर परिणाम होतो का? धोंड्याच्या महिन्यात जावई येतो, पण त्याला पुरणाचे धोंडे लागतात, कोंबडी नाही.

तापीकाठ

होतो ना. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे हळदीची जेवणं नाहीत. आणि 2023 आठवा. तेव्हा श्रावणच अधिक आला होता, 18 जुलैला सुरू झाला तो निज श्रावण संपेपर्यंत सप्टेंबरचा मध्य उजाडला. काही घरांत अधिक श्रावणात चालतं, काही घरांत दोन्ही पाळले. ज्यांनी कॅलेंडर न बघता जूनअखेर टाकली त्यांना तो ऑगस्ट चांगला आठवत असेल.

करारी_शेड

मी पारोळ्याकडचा, करारात आहे. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, लाईट, तूस आणि कष्ट माझे. किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) बिघडला की त्यातून कापतात. बाजाराची झळ मला नाही असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. साफ चूक.

मला झळ लागते ती रिकाम्या शेडची. रेट पडला की कंपनी पिल्लं टाकायला उशीर करते. कागदावर दोन बॅचमध्ये पंधरा दिवसांचं अंतर असतं. 40 दिवस पक्षी आणि 15 दिवस विश्रांती धरली तर वर्षाला साडेसहा बॅच निघतात. अंतर तीस दिवसांवर गेलं की पाचच. बँकेचा हप्ता मात्र सहा बॅच धरून बसवलेला. सुपरवायझरला फोन केला की तो म्हणतो "प्लेसमेंट टाइट आहे". टाइट म्हणजे काय ते विचारायची सोय नाही. हॅचरीत अंडी कमी लावली, की पिल्लं दुसऱ्या जिल्ह्यात वळवली, की माझा मागचा एफसीआर आवडला नाही?

तेव्हा अनुस्वार म्हणतात तो आकडा मला तापीकाठपेक्षा जास्त हवाय. त्यांना निदान पिल्लं टाकायची की नाही हे ठरवता येतं.

केळीवाला_रावेर

अवांतर: आमच्याकडे केळीचं तेच. एका वर्षी भाव मिळाला की मृग बागेला रोपं मिळत नाहीत, सगळा तालुका एकदम लावतो आणि घड कापायच्या वेळी व्यापारी फोन उचलत नाही. फरक इतकाच की केळीला वर्ष लागतं, तुम्हाला दोन महिन्यांत शिक्षा होते.

गावठी_पशुवैद्य

रेटचं तुम्ही बघून घ्या. मी टाकण्यावर लिहितो, कारण 1 जुलैचं पिल्लू म्हणजे उन्हाळी अंड्याचं पिल्लू, हे तापीकाठ यांनी एका ओळीत उरकलंय.

जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो. एवढ्या उन्हात पेरेंट कोंबडी कमी खाते, कवच पातळ होतं, नराचीही गडबड होते, फळलेली अंडी कमी निघतात. त्यात अंडी फार्मवरून हॅचरीला भर दुपारी साध्या गाडीतून आली तर आतला गर्भ अर्धवट जागा होतो. वाढ धड सुरू होत नाही आणि धड थांबतही नाही. पुढे कोल्डरूममध्ये गेला की मरतो. उबवण घटते ती अशी, आणि जी पिल्लं निघतात त्यातही कमजोर जास्त.

त्यामुळे पिल्लं बुक करताना तीन गोष्टी विचारा. पेरेंट किती आठवड्यांचे? अगदी कोवळ्या कळपाचं अंडं लहान, पिल्लूही लहान, कारण पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं. दोन वेगळ्या वयांच्या कळपांची पिल्लं एकत्र आली तर बारकं पिल्लू खाद्याच्या भांड्यापाशी मागे पडतं आणि पुढे अख्खा लॉट लहान-मोठा होतो. अंडी किती दिवस साठवलेली? आणि गाडी हॅचरीतून किती वाजता निघणार? नाशिक-पुण्याकडून येणारी गाडी रात्री निघून पहाटे शेडवर पोचली पाहिजे. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

शेडवर: तूस आदल्या दिवशीपासून तापवा. जुलै आहे म्हणून ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन) नको असं समजू नका, पहिल्या पावसाची गार हवा पिल्लाला पुरे होते. तुसाच्या गादीवर हाताचा मागचा भाग टेकवा, गार लागला तर पिल्लं उतरवू नका. पिल्लाच्या उंचीला पहिल्या दिवशी 33-34 अंश. आधी पाणी, मग दाणा. टाकल्यावर आठ तासांनी शंभर पिल्लांचे पोटे (गळ्याखालची दाण्याची पिशवी) चाचपा. ऐंशीजणांचा पोटा भरलेला आणि मऊ लागला पाहिजे. कडक लागला तर दाणा खाल्ला पण पाणी सापडलं नाही. रिकामा असेल तर उजेड, उष्णता, भांडी, तिन्ही तपासा. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या चौपट-साडेचौपट भरलं तर पुढची काळजी निम्मी.

अनुस्वार

आठ तासांनी पोटे चाचपायचे... मी आता रविवारी ताटाकडे वेगळ्या नजरेने बघणार.

जुना_व्यापारी

मी पंचवीसेक वर्षं गाड्या भरतोय, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. आकडा मिळाला म्हणून शहाणपण येतं हे मला पटत नाही. समजा कळलं की यंदा अंडी कमी लागलीत. मग काय होईल? सगळे म्हणतील, चला, माल कमी येणार, आपण टाकू. पिल्लाचा भाव दुप्पट होईल आणि फायदा हॅचरीच्या खिशात जाईल. शेडवाला होता तिथेच.

खरा धडा 2020 चा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई उठली आणि पक्षी मातीमोल झाला, लोकांनी फुकट वाटला. कोणी पिल्लं टाकेना, हॅचऱ्यांनी अंडी लावेनात. मग लोकांची भीती गेली, टाळेबंदीत घरोघरी चिकन शिजायला लागलं आणि मे-जूनमध्ये माल शोधून सापडेना. भाव चढले तेव्हा पक्षी कोणाकडे होते? ज्यांनी सगळं पडलेलं असताना हिंमत केली त्यांच्याकडे. ती हिंमत आकड्यातून येत नाही, खिशातून येते. खाद्यवाल्याची उधारी अंगावर असलेल्या माणसाला पडत्या बाजारात पिल्लं टाका म्हणून सांगणं सोपं आहे.

तापीकाठ

@जुना_व्यापारी, उधारीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मेमध्ये भाव का चढला? मार्च-एप्रिलमध्ये अंडी लागली नाहीत म्हणून. हे एप्रिलमध्येच दिसत होतं, ज्याला हॅचरीतलं कळत होतं त्याला. पिल्लाचा भाव चढेल म्हणता, चढू दे. निदान तो साठ दिवसांनंतरच्या बाजाराकडे बघून चढेल. आज तो कालच्या रेटकडे बघून चढतो. पडत्या बाजारात पिल्लू मातीमोल आणि चढत्या बाजारात सोन्याच्या भावाने, म्हणजे नेमकं उलटं.

नवापूरकर

बर्ड फ्लूचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला उद्रेक आमच्या नवापुरात निघाला, पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही. 2021 ला पुन्हा नवापूर. इथे मुख्यतः अंड्यांचे फार्म, ब्रॉयलर कमी, तरी बातमी आली की धुळ्या-जळगावात ब्रॉयलरचा रेट पडतो. अशा वेळी सेटरमध्ये लागलेली अंडी थांबवता येत नाहीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघणारच, घ्यायला कोणी नसलं तरी. तुमच्या गणितात पंचांग बसतं, हे बसत नाही.

सेटर_अठरा

नवापूरकर, तिसरा मार्ग लिहीत नाही म्हणालो तो हाच.

करारी_शेड

मूळ मुद्द्यावर येऊ. या गटारीला करारातल्या माणसाने काय करावं? आपल्या हातात तारीख नाहीच.

तापीकाठ

तारीख नाही, पण कंपनीचा माणूस पुढच्या लॉटची तारीख बोलतो तेव्हा तिच्यात चाळीस मिळवून बघा. पक्षी 15 ऑगस्टच्या पुढे निघणार असतील तर उचल लांबणार हे गृहीत धरा. 45 दिवसांचा पक्षी झाला की दाटी होते, एफसीआर बिघडतो आणि कापलं जातं तुमचं. तेव्हा अशा लॉटला शेडच्या क्षमतेपेक्षा पिल्लं कमी मागा. पक्ष्याला सव्वा चौरस फूट जागा सुटेल अशा हिशेबाने. कमी देतो म्हटलं तर कंपनी सहसा भांडत नाही, जास्त मागितलं तर भांडते.

मी स्वतः दोन हप्त्यांत टाकणार: मोठा हप्ता 28 जून ते 1 जुलै, लहान हप्ता सप्टेंबरच्या सुरुवातीला, दसऱ्यासाठी. मधे शेड धुऊन, चुना मारून रिकामं ठेवणार. श्रावणात रिकामं शेड परवडतं, भरलेलं नाही.

खान्देशी_भो

मंग 1 जुलैनं पिल्लू बुक कधी करानं? जून लागना म्हनजे?

सेटर_अठरा

जून लागल्यावर उशीर होईल. अंडी मशीनला लावायच्या आधी आम्ही बुकिंगची यादी बघतो आणि त्यावरून ट्रे भरतो. 10 जूनची लावणी म्हणजे यादी 5-6 जूनला बंद. त्यानंतर फोन करणाऱ्याला उरलेली पिल्लं मिळतात, म्हणजे कुणीतरी रद्द केलेली किंवा दोन कळपांची मिसळ. आगाऊ पैसे भरा, पावतीवर हॅचची तारीख आणि कळपाचं वय लिहून घ्या. खोक्यात शंभरावर दोन जादा असतात, ती मोजूनच गाडी सोडा. आणि गाडी शेडवर आली की चार खोकी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. पुढे भांडण झालंच तर तो कागद लागतो.